डोंगरीला चालत जाऊ या

पायात बूट असतील तर काढून ठेवा. आपण जिथे चाललोय तिथे चिखल आहे, मीठ आहे आणि उन्हानं तापलेला दगड आहे. बुटात मीठ शिरलं की टाचा दोन दिवस चुरचुरतात. साध्या वहाणा चालतील. मोबाइल घरीच राहू द्या. पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नका. पाणी तिथे मिळेल, आणि ते कुठून मिळतं हे दाखवायलाच तर तुम्हाला नेतोय.

मागे जायचंय सत्तरेक वर्षं. गाव आपलंच, भाईंदर. महिना चैत्राचा, वेळ सकाळी नऊ-साडेनऊची. डोळे मिटा आणि डाव्या हातानं काहीतरी घट्ट धरा, कारण गाडी सुटतेय.

उघडा डोळे. तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर बसलाय. बाकाच्या फटीत पाठीचं कातडं चिमटतंय, जरा पुढे सरका. धूर शोधू नका, गाडी विजेची आहे. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीच आली. मात्र गाडीला गर्दी नाही, आणि हेच तुम्हाला सगळ्यात विचित्र वाटणार. शेजारी एक म्हातारा चक्क पाय पसरून झोपलाय. दाराजवळ रिकाम्या पाट्या एकात एक घालून कोळणी खाली बसल्यात. मुंबईच्या बाजारात पहाटे मासळी विकून त्या घरी निघाल्यात. पाट्या रिकाम्या असल्या तरी वास भरलेलाच आहे. ओला बांबू, मासळीचं पाणी, आणि त्यांच्या केसांतल्या फुलांचा वास, तिन्ही एकदम नाकात शिरतात. पहिली पाच मिनिटं जड जातील. मग नाक आपोआप समजूत घालून घेईल.

दहिसर सुटलं की घरं संपतात. खिडकीबाहेर एकदम उजेड वाढतो, इतका की डोळे किलकिले करावे लागतात. मिठागरं आली. दोन्ही बाजूंना चौकोनी वाफे, त्यांत बोटभर पाणी, पाण्याच्या काठाला पांढरी कड. लंगोटी लावलेली काळीसावळी माणसं लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ ओढतायत. गाडीच्या खडखडाटातूनही त्यांच्या हाका ऐकू येतात. तोंड उघडं ठेवू नका, वारा खारट आहे, ओठांवर लगेच थर जमतो.

उतरा, भाईंदर आलं.

कुठे? असं विचारू नका. हेच ते. हा लहानसा फलाट, हा कौलारू आडोसा, ही मिठाची पोती. फलाटावर उभं राहून पश्चिमेला बघा. आडवं येणारं काहीच नाही. नजर सरळ जाते, मिठागरांवरून, बांधांवरून, भातखाचरांवरून, आणि अगदी शेवटी एका हिरव्या रेषेला जाऊन टेकते. ती रेष म्हणजे डोंगरीचा डोंगर. आपल्याला तिकडे जायचंय.

आता कोळणींच्या मागे चाला. बोलत, हसत, एकमेकींना टपल्या मारत त्या भराभर निघाल्यात. त्यांच्या पायांत काहीच नाही आणि तरी तुम्हाला त्यांच्यासोबत चालता येणार नाही. दीड-दोन तासांची चाल आहे, ती त्या रोज दोनदा चालतात. जाताना डोक्यावर भरली पाटी असते, बर्फाचं आणि मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरत असतं. गाडी चुकली तर मासळीचा भाव पडतो, म्हणून चाल कमी करता येत नाही. सार्वजनिक वाहतूक हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही, पण ती नसली की माणसाच्या मानेवर किती ओझं येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज पडेल.

बांधावर चढलात? सांभाळून, माती वरून सुकी दिसते पण आत मऊ आहे, पाय घोट्यापर्यंत जातो. दोन्ही बाजूंच्या पाण्यावरून ऊन खालून वर येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांत, पापण्यांच्या आतल्या बाजूला भाजतंय ना? डोक्यावर टोपी असून उपयोग नाही. मिठागरात सावली मिळत नाही, कारण सावलीत मीठ पिकत नाही. इथली माणसं सकाळी लवकर आणि उतरत्या उन्हात काम उरकतात आणि मधल्या वेळात मिळेल त्या आडोशाला पडून राहतात. त्यांच्या तळव्यांकडे एकदा बघा. मिठानं पडलेल्या भेगांत मीठच जाऊन बसलंय.

मुर्धा आलं. राई आलं. भाताची खाचरं आता सुकून भेगाळलीत, कडेला पेंढ्याच्या उडव्या आहेत, कोंबड्या टोचे मारत फिरतायत. गावात शिरताना पहिल्यांदा गारवा लागतो. चिंच आहे. तिच्याखाली बैलगाडी सोडलीय, बैल रवंथ करतायत, गाडीवान कासऱ्याची उशी करून घोरतोय. कोळणी इथे थांबतात. तुम्हीही थांबा. पाट्या उतरतात, पदर सुटतात, पान निघतं. त्यातली एक वयस्कर बाई तुमच्याकडे बघून म्हणते, “कोनाकडं आलंस लेकरा?” उत्तर तुम्हाला सुचत नाही. ती वाटही बघत नाही. “बस, बस, सावलीन बस. ऊन लागंल.”

बसा. तुमच्या आजच्या भाषेत सांगायचं तर हा थांबा आहे. इथे पाटी आहे, वेळापत्रक आहे, प्रतीक्षालय आहे, पाणपोई आहे, बातम्या आहेत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची होडी अजून आली नाही, मालाडला पापलेट काय भावानं गेलं, सगळं या झाडाखाली कळतं. वाटेवर पुढे अशी आणखी झाडं आहेत. कोळणींना विचाराल तर त्या घरापर्यंतचं अंतर मैलांत सांगणार नाहीत. पुढली चिंच, मग तो वाकडा आंबा, मग डोंगरीची चढण, असं सांगतील. ओझं घेऊन चालणाऱ्याची वाट झाडांनी मोजली जाते. हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून तुम्हाला इथे जरा जास्त वेळ बसवलं.

उठा आता, चढण आली.

पन्नास-साठ पावलं चढलात की पहिला फरक कानांना कळतो. वारा पानांतून येतोय. मिठागराचा वारा मुका होता, याला आवाज आहे. मग नाकाला कळतं: वाळलेली पानं, करवंदीचा चीक, कुठेतरी फुललेला करंज. मग कातडीला. मघाशी पाठीला चिकटलेला सदरा आता सुटा झाला आणि घामावर वारा लागून अंगावर काटा आला. खाली इतकी तलखी होती आणि इथे, एवढ्याशा उंचीवर, ती अर्ध्यावर आली. झाड पानांतून पाणी सोडतं, त्या पाण्याची वाफ होताना भोवतालची उष्णता खर्ची पडते. शाळेत हे शिकलो होतो. आज तुमच्या मानेला ते कळतंय.

हा आंबा बघा. कलमी नाही, रायवळ. याचं खोड कवेत घेता येत नाही. दोघांनी धरलं तर हातांची बोटं एकमेकांना कशीबशी लागतील. साल खरखरीत, तिच्या भेगांतून तांबड्या मुंग्यांची रांग वर चाललीय. खाली पडलेल्या कैरीला दात लावा. आंबट आहे, डोळे मिटतील, लाळ सुटेल, तहान कमी होईल. वर बघा, पानांचे मुंग्यांनी शिवलेले गोळे दिसतायत, त्याखाली उभे राहू नका. फांदीच्या बेचक्यात दोन पोरं बसलीत. एकाच्या चड्डीच्या खिशात मीठ आहे. मिठागर खाली आणि कैऱ्या वर, या पोरांना आणखी काय पाहिजे? खिशातलं मीठ ओलं झालंय आणि चड्डीला पांढरा डाग पडलाय. संध्याकाळी घरी त्यावरून मार बसेल.

पलीकडे ताड आहेत, त्यांच्या वाळक्या झावळ्या वाऱ्यानं एकमेकींवर आपटून कोरडा खडखड आवाज करतात. एक माणूस घड कापून ताडगोळे सोडवतोय. त्याच्याकडून एक घ्या, अंगठ्यानं वरचं साल काढा. आतलं पाणी हनुवटीवरून ओघळलं तर ओघळू द्या. पुसायची घाई करू नका, इथे कुणी बघत नाही.

माथ्यावर आलात की पश्चिमेला समुद्र उघडतो. उत्तनच्या होड्या दिसतात आणि किनाऱ्यावर लांबच लांब बांबूंच्या वलांडी, त्यांवर बोंबील वाळत घातलेत. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं लोंबकळणारे बोंबील. वारा फिरला की तो वास डोंगरापर्यंत चढतो. बाराचा सुमार झालाय, खाली डोंगरीच्या बेथलेहेम मातेच्या चर्चची घंटा वाजते आणि वाटेवरची एक बाई थांबून क्रुसाची खूण करते. तारोडीच्या धारावी देवीला नवस फेडायला निघालेलं कुटुंब तिच्याशेजारून, कोंबडा काखेत मारून, पुढे जातं. उत्तरेला चौक आहे, वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेनं ज्यासाठी रक्त सांडलं तो धारावीचा किल्ला. पण लढाईच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या आहेत. मला तुम्हाला विहीर दाखवायचीय.

चला खाली, ती डोंगराच्या पायथ्याला, वाडीच्या कडेला आहे. दोर खरखरीत आहे, तळहाताला लागेल. कळशी आत सोडा, ‘डुबुक’ ऐकू आलं की हळूहळू ओढा. प्या. ओंजळीनं प्या, कोपरापर्यंत पाणी येऊ दे. काय वाटतं? गोड आहे. गार आहे. आता जरा विचार करा की तुम्ही कुठे उभे आहात. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मिठागरं. ओठांवर अजून सकाळचं मीठ आहे. या खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोडं पाणी आलं कुठून?

विहिरीच्या काठावरून हलू नका, मी फक्त महिना बदलतो.

आषाढ. आभाळ काळंकुट्ट, समुद्राकडून पावसाचा पडदा सरकत येतोय आणि त्याचा आवाज आधी पोचतो. पळा वर, आंब्याखाली. पहिली काही मिनिटं तुमच्या अंगावर थेंब पडणार नाही, वरची पानंच सगळा मारा झेलतात. मग पानावरून फांदीवर, फांदीवरून खोडावर पाणी उतरायला लागतं. खोडाला हात लावून ठेवा. हाताखालून पाणी वाहतंय, पण हळू, सालीच्या भेगांतून वळणं घेत. मुळाशी आलं की दिसेनासं होतं. पाचोळ्यात पाय घाला, घोट्याइतका थर आहे, वरचा भिजलाय, खालचा कुजून काळा झालाय आणि त्याला ओल्या मातीचा उग्र, चांगला वास आहे. पाणी इथे थांबतं, मुरतं, मुळांनी केलेल्या वाटांनी खडकाच्या भेगांत जातं आणि डोंगराच्या पोटातून सावकाश खाली सरकतं. तेच पाणी चैत्रात तुम्ही ओंजळीनं प्यायलात. शिवाय डोंगरातून उतरणारं हे गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्याला मागे रेटत राहतं. ते आटलं की किनाऱ्यालगतच्या विहिरींत समुद्र शिरतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, विहीर मचूळ झाली की तो पहिलं बघतो डोंगराकडे.

आता पुन्हा काहीतरी घट्ट धरा. पुढचा मुक्काम आरामाचा नाही.

वर्षं चाळीसेक पुढे. तेच भाईंदर स्टेशन, सकाळचे आठ वाजून काही मिनिटं. फलाट दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. बॅग पोटाशी घ्या, चष्मा काढून खिशात ठेवा. गाडी येतेय ती विरारहून भरून येतेय. दारात लटकणारे तुम्हाला चढू देणार नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही, आत खरोखर जागा नाही. थांबण्यापूर्वीच लोक धावायला लागले, धावा! पाठीत कुणाचं तरी कोपर, पायावर कुणाची तरी टाच, तुमचे पाय जमिनीला लागलेले नाहीत आणि तरी तुम्ही पुढे सरकताय. आत आलात. छातीला कुणाची तरी पाठ चिकटलीय, श्वास घ्यायचा तर तो सोडेल तेव्हा घ्या. घाम, तेल, कुणाच्या डब्यातली बटाट्याची भाजी, कुणाच्या उदबत्तीचा वास. डब्याच्या त्या टोकाला भजनी मंडळानं टाळ धरलेत. चौथ्या सीटवर अर्धा बसलेला माणूस तुमच्याकडे बघून मांडी आणखी आवळून घेतो, तेवढीच त्याची माया. शेजारच्या बायकांच्या डब्यात कुणी मटार सोलतंय, कुणी रडतंय, कुणी उभ्या उभ्या झोपलंय. दारातला एक पोरगा बाहेर झुकलाय, त्याचा सदरा वाऱ्यानं फुगलाय. त्याचा हात सुटू नये एवढंच मनात येत राहतं.

दादरला उतराल तेव्हा सदऱ्याची दोन बटणं गेलेली असतील. आणि संध्याकाळी हेच उलट.

भाईंदरच्या भोवतीची गावं अशी फुगली. मिठागरांच्या आणि खाचरांच्या कडेनं इमारती आल्या, १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली ही माणसं. त्यांना रोज मुंबईला जावंच लागतं. ज्यानं हा प्रवास अंगावर घेतलाय त्याला मेट्रो नको म्हणून सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. मेट्रो हवी. दहिसर पूर्वेपासून भाईंदरच्या सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंतची साडेदहा किलोमीटरची मेट्रो ९ ही इथल्या माणसाच्या हक्काची आहे. कोळणीच्या मानेवरचं ओझं आठवतंय ना? तिच्या नातीला निदान उभं राहायला नीट जागा मिळायला हवी.

एक मुक्काम अजून राहिला. तो रात्रीचा आहे, आणि भाईंदरचा नाही.

४ ऑक्टोबर २०१९. मुंबईतलं आरे, मेट्रो ३ च्या कारशेडसाठी ठरवलेली जागा. पावसाळा सरत आलाय, पण हवा दमट आहे, गवतातून रातकिड्यांचा आवाज येतोय. रस्त्यावरचे दिवे विरळ, पुढे पोलिसांचे अडथळे. तुमच्या अवतीभोवती कॉलेजातली पोरं-पोरी, पाड्यांवरच्या वारली बाया, ऑफिसातून थेट आलेले लोक, कुणाच्या गळ्यात अजून ओळखपत्र लटकतंय. सगळ्यांच्या हातांत मोबाइलचे दिवे. दिवसा उच्च न्यायालयानं झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या होत्या. काम एवढ्या लगेच सुरू होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

ऐका. अंधारातून येणारा घरघराट तो करवतीचा. आवाज एका पट्टीत चालू राहतो, मग जरा चढतो, मग थांबतो. थांबला की सगळे गप्प होतात, कारण आता काय येणार ते एव्हाना कळलंय. आधी कर्रर्र, मग फांद्या मोडल्याचा लांबलचक आवाज, मग जमिनीचा धक्का. तो पायांतून कळतो. आणि लगेच करवत पुन्हा सुरू. वाऱ्यावर कापलेल्या ओल्या लाकडाचा वास आहे. एरवी हा वास चांगला वाटतो. आज नाही वाटणार. झोपेतून उठलेले कावळे वर ओरडत घिरट्या घालतायत, बसायला जागा शोधतायत. तुमच्या शेजारची मुलगी अडथळ्याला घट्ट धरून उभी आहे, ती घोषणा देत नाही, नुसती रडतेय.

पुढे २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवायला सांगितलं. तोवर २,१४१ झाडं पडली होती. स्थगिती मिळाली, पण ती जमिनीवर पडलेल्या झाडांना उपयोगाची नव्हती. मेट्रो ३ आज धावते, लोक तिच्यातून सुखानं जातात, त्यांनी जावंही. पण त्या रात्री जे झालं ते तसं व्हायची गरज नव्हती, असं माझं ठाम मत आहे. कारशेड म्हणजे काय? गाड्या रात्री उभ्या करायच्या, धुवायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या ती जागा. तिला लागते मोठी, सपाट, मोकळी जमीन. डोंगर सपाट नसतो, जंगल मोकळं नसतं. दोन्हींना आधी मारून तसं करावं लागतं.

आता परत या. आजचं भाईंदर, पश्चिमेचा रस्ता, डोंगरी. मघाचा तो चढ आठवतो?

मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोरवा भागात ठरली होती. तिथल्या गावकऱ्यांनी घरांसाठी आणि शेतांसाठी विरोध केला, तो रास्तच होता. मग जागा सरकली आणि डोंगरीच्या डोंगरावर आली. माणसं बोलतात, हरकती घेतात, मोर्चे काढतात. आंबा यातलं काहीच करत नाही, त्यामुळे प्रकल्प त्याच्याकडे सरकवणं सोपं जातं. २०२५ च्या मार्चमध्ये महापालिकेची नोटीस निघाली. तेव्हा बाधित ठरणारी झाडं सुमारे १२,४०० होती.

बारा हजार चारशे हा आकडा कागदावर वाचून पुढे जाता येतं, म्हणूनच तुम्हाला एवढं चालवलं. त्यातल्या एकाच झाडाखाली आपण बसलो होतो, आणि तिथे किती काय काय होतं ते तुम्ही बघितलंत. पाचोळ्याचा थर, मुंग्यांची घरं, पावसाला झेलणारा पानांचा मांडव, खडकात शिरलेल्या मुळांच्या वाटा, पायथ्याच्या विहिरीतलं पाणी. यातलं काहीही रोपट्याबरोबर ट्रकमधून आणता येत नाही.

बदल्यात झाडं लावू, असं सांगितलं जातं. लावा, जरूर लावा. पण दुसऱ्या गावात लावलेलं रोप डोंगरीच्या विहिरीत पाणी मुरवत नाही. मोठं झाड उपटून दुसरीकडे लावायचं तर त्याची मुळं आणि फांद्या छाटाव्या लागतात, आणि त्यानंतर ते जगेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. राज्यातल्या वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला तिनं वारसा म्हणून वेगळा दर्जा दिला आणि झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, असा नियम केला. म्हणजे झाडाचं वय ही मोलाची गोष्ट आहे हे कायद्यानंच मान्य केलंय. मग डोंगरीवरच्या प्रत्येक झाडाचं वय नीट मोजलं जायला हवं, झाडापुढे उभं राहून, आणि ती यादी लोकांसमोर यायला हवी. हे मागणं फार मोठं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मेट्रो भाईंदरला यावी, लवकर यावी, आणि तिच्या गाड्या डोंगर न कापता उभ्या राहाव्यात. आधीच भराव घातलेल्या, आधीच सपाट झालेल्या, वापराविना पडून असलेल्या जमिनी मुंबई महानगरात आहेत. तिथे कारशेड नेणं महाग पडत असेल, तर तो खर्च आणि डोंगरीच्या पाण्याची, सावलीची, गारव्याची किंमत शेजारी शेजारी मांडून दाखवा. हिशेबात डोंगराची बाजू कोरी ठेवून मिळालेल्या स्वस्ताईला मी स्वस्ताई मानत नाही. रोज गर्दीत चिरडणाऱ्या माणसाला आणि डोंगरावरच्या झाडाला एकमेकांसमोर उभं करणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे, कारण उकाड्यात आणि पाणीटंचाईत राहायचं आहे ते त्याच माणसाला.

आता तुमच्याकडे एक काम. महापालिका झाडं तोडायची परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात देते आणि झाडावर नोटीस लावते. ती नोटीस लहान अक्षरांत असते आणि हरकतीसाठी दिवस मोजकेच असतात. डोंगरीची असो किंवा तुमच्या रस्त्यावरच्या एका पिंपळाची, नोटीस दिसली की थांबा आणि पूर्ण वाचा. मग महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत लेखी द्या. झाडाचा नोटिशीतला क्रमांक, त्याची जात, ते कुठे उभं आहे आणि त्याच्यावर काय काय अवलंबून आहे, हे साध्या मराठीत लिहा. अर्जाची पोच घ्या, सुनावणीची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी अर्धी रजा टाकून जा. जाताना शेजाऱ्यालाही सोबत न्या.